विनोदी चित्रपटाची ब्लू-रे पारखताना: माझा अनुभव

जुन्या विनोदी चित्रपटाची नवी डिस्क आली की पहिला प्रश्न असतो, "चित्र स्वच्छ आहे का?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. विनोद उभा राहतो तो वेळेवर, चौकटीच्या कडांवर आणि संवाद स्पष्ट ऐकू येण्यावर. यातलं एक जरी बिघडलं तरी चित्र कितीही लखलखीत असलं तरी हशा येत नाही. ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या, १.८५:१ चौकटीच्या (रुंदी उंचीच्या १.८५ पट) आणि मूळ मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, आवाजाच्या एका कल्ट चित्रपटाची ब्लू-रे मी पॅल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीशी ताडून पाहिली, ती याच नजरेने.

आधी टीव्ही सरळ केला. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणं) बंद, नॉइज रिडक्शन (चित्रातले कण पुसणं) बंद, रंग 'वॉर्म', आणि शार्पनेस कृत्रिम कडा दिसेनाशा होतील इतका खाली. चित्र थोडं मोठं करून दाखवणारा ओव्हरस्कॅन तर बंद हवाच. तो चालू राहिला तर टीव्हीच चारही बाजू खातो आणि बोल डिस्कला लागतो.

मग वेळ. पॅल डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, म्हणून १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. वेग बदलताना सुराची पट्टी सांभाळली नसेल तर आवाजही चढतो: पेटीवर पांढरी एकवरून काळी एककडे निघावा, पण तिथवर पोहोचू नये, इतका. त्यामुळे दोन डिस्क ताडताना सेकंद मोजून उपयोग नाही, फ्रेम मोजायच्या. व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअरमध्ये 'ई' हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. मी निवडलेला शॉट साधा होता: दार बंद होतं, शांतता पसरते, आतून भांडं पडल्याचा आवाज येतो. कटपासून कटपर्यंत ब्लू-रेत ५८ फ्रेम भरल्या, डीव्हीडीत ५१. सात फ्रेम म्हणजे जेमतेम ०.३ सेकंद, पण त्या नेमक्या त्या शांततेतल्या होत्या. डीव्हीडीत त्या जागी दारावरचा हात एकदम उडी मारतो. प्रिंट तुटली आणि जोडताना तुकडा गेला, याची ही खूण. ती डीव्हीडी मूळ निगेटिव्हवरून नाही, थिएटरात चालवलेल्या प्रिंटवरून केली होती हे आणखी एका गोष्टीने पक्कं झालं. उजव्या वरच्या कोपऱ्यात रीळ बदलायचे गोल ठिपके दिसतात, एकदा रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी आणि पुन्हा एक सेकंद आधी.

चौकट मोजायला पीएनजी स्क्रीनशॉट घेतला. जेपीजी नको, त्याचे स्वतःचे डाग पडतात. १.८५:१ चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल तर उंची १०३८ ओळी यायला हवी, म्हणजे वर आणि खाली २१-२१ ओळी काळ्या. इथे तेवढ्याच आल्या. पण आकार बरोबर असला तरी चौकट वर किंवा खाली सरकलेली असू शकते. म्हणून नामावली सोडून सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन शॉट घेऊन चारही कडांवरच्या वस्तू ताडल्या. जुनी डीव्हीडी ४:३ होती. तिच्यात थिएटरात दाखवताना वर झाकायचा भाग उघडा राहिल्यामुळे मायक्रोफोन लोंबताना दिसतो, आणि डावी कड कापल्यामुळे दारामागून हळूच बाहेर येणारा हात दिसतच नाही. तो हात हाच त्या दृश्यातला विनोद आहे!

ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, याबद्दल गैरसमज फार. ग्रेन हा दोष नव्हे, फिल्मचा पोतच तो. तो पुसला की कातडी मेणासारखी दिसते आणि कपड्याची वीण जाते. नायकाच्या जाड कोटावर मी बराच वेळ घालवला. तो उभा असताना वीण दिसते आणि चालायला लागला की पुसट होते, असं असेल तर पुसापुशीची शंका घ्यावी. इथे वीण टिकली. एका दृश्यातून दुसरं उमलतं तिथे मात्र ग्रेन अचानक जाड होतो. ते शॉट त्या काळी ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रावर दुसऱ्या फिल्मवर उतरवलेले असत, त्यामुळे त्याचा दोष फिल्मवरून डिस्कसाठी केलेल्या ट्रान्सफरला देऊ नये. धूर, अंधाऱ्या भिंती आणि फेड यांत चौकोन पडतात का तेही पाहावं. मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा सरासरी बिटरेट (दर सेकंदाला किती माहिती वापरली) एकटा काही सांगत नाही.

ब्लू-रेचा खरा दोष काळ्या रंगात सापडला. एका दृश्यात कोपऱ्यात दडलेला माणूस प्रेक्षकाला आधी दिसतो, नायकाला नंतर. ब्लू-रेत तो कोपरा नुसता काळा आहे. प्लेअर आणि टीव्ही यांच्यात 'फुल' आणि 'लिमिटेड' रेंजचा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मोजमापाचा) मेळ नसला तरी असंच होतं, म्हणून ती सेटिंग आधी जुळवली. मग संगणकावर त्या फ्रेमचा उजेड वाढवला. माहिती असती तर माणूस वर आला असता. इथे सपाट राखाडी पट्टाच उरला. म्हणजे ग्रेडिंगमध्येच, रंग आणि उजेड ठरवतानाच, तो गेला.

आवाजात ५.१ (सहा चॅनलचा) आणि मोनो असे दोन ट्रॅक होते. मोनो खरा, म्हणजे दोन्ही चॅनलवर एकच आवाज, आहे का हे ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कळतं: एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळायचा, शांतता आली तर खरा. शांतता आली. ५.१ मध्ये भांड्याचा आवाज नवा, गुळगुळीत घातला आहे आणि तो तीन फ्रेम उशिरा, म्हणजे सुमारे १२५ मिलिसेकंदांनी, येतो. ओठांचा मेळ प, ब, म या अक्षरांवर पाहावा, कारण तिथे ओठ मिटतात. तो सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा पाहावा. अंतर वाढत गेलं तर वेगाची गडबड, सारखंच राहिलं तर ट्रॅक सरकलेला. मोनोत मेळ शेवटपर्यंत नीट आहे, आणि खरखर थोडी ठेवल्यामुळे 'स'ची धारही शाबूत आहे.

आता मी ब्लू-रेच लावतो, मोनो ट्रॅकवर. कोपऱ्यातला माणूस मात्र अजून फक्त डीव्हीडीतच दिसतो, म्हणून ती काढून टाकलेली नाही.