जांभ्याची भिंत आधी, सूर्यास्त नंतर

कॅमेऱ्याचा छंद असलेलं कुणीही भेटलं की दोन-चार वाक्यांत हा प्रश्न येतोच: "फोटो तसे बरे येतात हो, पण एडिटिंग कुठून शिकायचं? क्लास लावू का? सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" मी कोकणात गुहागरला राहते, फोटो हौसेनं काढते, त्यावर घर चालत नाही. तेव्हा माझं उत्तर हौशी माणसासाठीच आहे असं समजा.

सॉफ्टवेअरचं आधी उरकते, कारण तिथे फारसं काही अडत नाही. मोबाइलवरच काम करायचं असेल तर स्नॅपसीड फुकट आहे आणि त्यात डीएनजी प्रकारची रॉ फाइलही (सेन्सरनं नोंदलेला, प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) उघडते. संगणक असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही मोफत मिळतात. लाइटरूमला पैसे पडतात, पण शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. यांतलं कुठलंही एक घ्या आणि वर्षभर तेच वापरा. एक्सपोजर (फोटोतला एकूण उजेड), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल), कर्व्ह (गडद आणि उजळ भाग वेगवेगळे हलवणारी रेषा) सगळीकडे असतात, फक्त त्यांच्या जागा बदलतात.

खरा प्रश्न, कशावर शिकायचं हा आहे. बहुतेक जण सूर्यास्तापासून सुरुवात करतात. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे तो रोज समोर उभा असतो. पण सूर्यास्तावर एडिटिंग शिकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याचे रंग बघता बघता पालटतात आणि उद्याची संध्याकाळ आजच्यासारखी नसते. नारंगी कितीही वाढवला तरी "दिसला असेल त्या दिवशी तसा" म्हणून खपून जातो. आपण चुकलो की बरोबर आलो, हे सांगणारं तिथे काहीच नसतं.

म्हणून मी सांगते, जांभ्याच्या, म्हणजे आपल्या तांबड्या दगडाच्या, चिऱ्यांची भिंत घ्या. स्वतःच्या घराची असेल तर फारच छान, नाहीतर कुंपणाच्या गडग्याची चालेल. तिचा रंग तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे आणि शंका आली तर दार उघडून बघता येतं. तीच भिंत मळभ असताना काढा, भर दुपारी काढा, संध्याकाळच्या कलत्या उन्हात काढा. रॉमध्ये काढा. मग भिंत नजरेसमोर राहील अशा जागी बसून फोटो तिच्याशी जुळवा.

पहिली गोष्ट ही कळते की कॅमेरा भिंतीला फसतो. सगळी चौकट तांबडी असली की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं, उजेडच तांबूस आहे. तो रंग ओढून राखाडीकडे नेतो आणि चिरा आजारी दिसायला लागतो. अशा वेळी उजेडाचा रंग सांगणारा केल्व्हिनचा आकडा स्वतः ठरवायचा. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्व्हिन, ढगाळ हवा ६५०० च्या आसपास, सावली त्याहून वर. आकडे पाठ करायची गरज नाही, भिंत बघून हात बसतो.

दुसरी गोष्ट हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, दिसते. संध्याकाळच्या उन्हात एकूण उजेड ठीक वाटतो, पण लाल रंगाचा आलेख मात्र उजव्या, म्हणजे सगळ्यांत उजळ, टोकाला जाऊन आपटलेला असतो. त्या ठिकाणी चिऱ्याची छिद्रं, त्यावरच्या छिन्नीच्या खुणा, सगळं पुसून एक सपाट नारंगी डाग उरतो. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं की हा डाग पसरतो. एक्सपोजर थोडं खाली आणा, लाल थोडा उतरवा, की छिद्रं परत दिसू लागतात. रंग कमी केल्यावर भिंत जास्त खरी दिसते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्लायडर ओढायचा सोस आपोआप कमी होतो.

रॉचा आग्रह का, तेही सांगते. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेरा तयार करून देतो त्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. मे महिन्यात पडवीत सासूबाई कोकमं फोडत बसलेल्या असतात आणि समोर खळ्यात, म्हणजे अंगणात, डोळे दिपवणारं ऊन. अशा वेळी मी एक्सपोजर खळ्यासाठी ठेवते आणि पडवीतला अंधार नंतर उजळते. जेपेगमध्ये हे केलं की सावलीत चट्टे उठतात. रॉमध्ये त्यांच्या लुगड्याचा काठसुद्धा सापडतो. उलट मात्र होत नाही. उन्हात पूर्ण पांढरं झालेलं खळं कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही, कारण तिथे काही नोंदलेलंच नसतं.

भिंत जमली की हिरव्याकडे या. कोकणातल्या माणसासाठी खरी कसोटी तीच. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगांच्या बारीक गाळण्या असतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली, तिचं पेटंट १९७६ चं. त्यात निम्म्या जागा हिरव्याला आणि लाल-निळ्याला प्रत्येकी पाव, कारण उजेडातले बारकावे आपला डोळा हिरव्यात जास्त टिपतो. म्हणजे कॅमेऱ्यानं हिरव्याची नोंद सगळ्यांत भरपूर केलेली असते, आणि पावसाळी फोटोंत आपण नेमका तोच बिघडवतो. तरव्याचा, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांचा, हिरवा पिवळट, लावणी होऊन धरलेल्या भाताचा निराळा, फणसाच्या पानाचा काळपट, दगडावरच्या शेवाळाचा आणखीच निराळा. हे सगळे हिरवे आपल्याला लांबून ओळखू येतात. सॅच्युरेशन पुढे रेटलं की ते एक होऊन जातात आणि फोटोतलं शेत कुठल्याही गावचं होतं.

इथे एक उपयोगी गोष्ट. गवत आणि भात आपल्याला हिरवे दिसतात, पण रंगांच्या स्लायडरमध्ये त्यांचा मोठा भाग पिवळ्यात असतो. हिरवा हलवून काही होत नाही असं वाटलं तर पिवळा थोडा उतरवून बघा. पिवळ्याचं सॅच्युरेशन जरा कमी, हिरव्याचा उजळपणा जरा कमी, बस. सुपारीच्या वाडीत माणसांचे फोटो काढलेत तर पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यांवर हिरवट पडतो. टिंटचा स्लायडर हिरव्याकडून मजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) न्यायचा, पण मास्क घालून, म्हणजे तेवढा चेहराच निवडून. सगळ्या फोटोवर केलंत तर वाडीतला गारवा जातो.

क्षितिज सरळ करणं, लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सच्या दोषांची तयार दुरुस्ती) लावून त्याचा बाक काढणं, आकाशात दिसणारे सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसणं, ही कामं एका दुपारी शिकून होतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

"पण एडिटिंग म्हणजे फसवणूकच ना?" असंही विचारतात. कॅमेरा भिंत राखाडी दाखवत असेल तर ती तांबडी करणं मला फसवणूक वाटत नाही. आकाश बदलणं मात्र मी करत नाही, आणि तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं. किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या होड्या, आणि वर ऑक्टोबरातलं निळंभोर आकाश, असे फोटो आता पुष्कळ दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून त्या होड्या वर आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला ते एका नजरेत कळतं. त्या मळभासाठीच तो फोटो आहे. मळभात करण्यासारखं खूप आहे: कर्व्हनं ढगांतले थर वेगळे करा, समुद्राची शिशासारखी राखाडी थोडी गडद करा, होडीच्या फळीवरचा जुना निळा रंग तेवढा उजळ ठेवा.

क्लासचं विचारलंत तर आधी लावू नका. भिंत आणि भात जमल्यावर लावलात तर नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल.

आणि प्रिंट काढा, मोबाइलवर बघून थांबू नका. स्क्रीन बहुधा गरजेपेक्षा जास्त प्रखर ठेवलेली असते, म्हणून घरी छान दिसलेला फोटो कागदावर काळवंडून येतो. एडिट करताना स्क्रीनचा उजेड खाली आणा, खोलीत ऊन येऊ देऊ नका, फाइल एसआरजीबीमध्ये (रंगांच्या सगळीकडे चालणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत) सेव्ह करा. चिपळूण, रत्नागिरी, जिथे सोयीचं असेल तिथल्या स्टुडिओत आधी चार बाय सहाची एकच प्रिंट मागा. ती घरी आणून दिवसाच्या उजेडात भिंतीला लावून बघा, फरक वाटला तर फाइल दुरुस्त करा, आणि मगच मोठी सांगा.