तुम्ही विचारलंत म्हणून: आणीबाणी नसताना पथक करतं काय?

किरणोत्सर्गाच्या आणीबाणीसाठी सरकारी पथक असतं हे कळलं, की समोरचा आधी विचारतो, "आयोडीनच्या गोळ्या घरी ठेवाव्यात का?" आणि मग जरा संकोचून, "अहो, पण असं काही घडत तर नाही. मग पथकाचा प्रमुख वर्षभर करतो काय?" गोळ्यांचं पुढे येईलच. दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, पण त्याचं खरं उत्तर कंटाळवाणं आहे. प्रमुख फोन नंबर तपासतो, बॅटऱ्या बदलून घेतो आणि माणसांना वायरलेसवर आकड्याबरोबर एककही उच्चारायची सवय लावतो.

किरणोत्सर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तारापूरची अणुभट्टी उभी राहते. पथकाचा फोन वाजतो तो बहुधा भंगारामुळे. 2010 साली दिल्लीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं 1985 पासून बंद पडलेलं गॅमा सेल (नमुन्यांवर किरणांचा मारा करायचं यंत्र) लिलावात काढलं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतं, आणि एका माणसाचा जीव गेला. अणुऊर्जा नियामक मंडळाला ही खबर कुठल्या यंत्रानं दिली नाही, ती रुग्णालयाकडून आली. त्याआधी 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं होतं, आणि त्या पोलादाचा माग खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला होता. भंगारात आलेला सोर्स (किरणोत्सारी पदार्थाचा तुकडा) भट्टीत वितळला की बटणापासून बिजागरीपर्यंत कुठेही पोचू शकतो.

म्हणून पथकप्रमुखाच्या डायरीत जनरल प्रॅक्टिशनर आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्या बैठका असाव्या लागतात. त्यांना अणुभौतिकी शिकवायची नसते. एवढंच सांगायचं: भाजल्यासारखी त्वचा आहे पण भाजल्याचं रुग्णाला आठवत नाही, उलट्या झाल्या होत्या, केस गळताहेत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत, आणि माणूस भंगाराच्या किंवा वेल्डिंग तपासणीच्या कामातला आहे, तर फोन करा. हा फोन कुणाला करायचा, तो नंबर रात्री दोनला कोण उचलतो, हे दर महिन्याला खरोखर फोन लावूनच तपासावं लागतं. आराखड्यात छापलेला नंबर बदली झालेल्या अधिकाऱ्याचा निघणं ही सर्वात नेहमीची चूक आहे. आराखडा कितीही जाडजूड असो, या एका ओळीवर तो अडतो.

दुसरी नेहमीची शक्यता म्हणजे औद्योगिक रेडिओग्राफी, धातूचा एक्स-रेसारखा फोटो. पाइपलाइनचे वेल्ड तपासायला इरिडियम-192 चा 'कॅमेरा', म्हणजे सोर्स आत ठेवलेली कवचाची पेटी वापरतात. आतला सोर्स काही मिलिमीटरचा, एका लवचिक तारेच्या टोकाला बसवलेला. त्याला पिगटेल म्हणतात. ड्राइव्ह केबल फिरवली की तो कॅमेऱ्याच्या कवचातून गाइड ट्यूबमध्ये सरकतो, उलट फिरवली की परत येतो. पिगटेल नीट अडकलेलं नसलं तर केबल परत येते आणि सोर्स ट्यूबमध्येच राहतो. क्रँक (केबल फिरवायचा दांडा) पूर्ण फिरला म्हणून ऑपरेटर समजतो की सोर्स आत आला. किरण मोजायचा मीटर हातात घेऊन कॅमेऱ्याजवळ जायचा नियम आहे तो ह्याच क्षणासाठी, आणि घाईच्या दिवशी मोडला जातो तोही हाच.

आता आकडे बघा. 30 क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं एकक) इरिडियम सोर्स उघडा पडला तर एका मीटरवर डोस दर, म्हणजे शरीराला किरण लागण्याचा वेग, ताशी सुमारे 145 मिलिसीव्हर्ट असतो. अंतर दुप्पट केलं की दर चौथाई होतो. दोन मीटरवर 36, दहा मीटरवर दीडच्या आत. ताशी 100 मायक्रोसीव्हर्टची (0.1 मिलिसीव्हर्टची) रेषा येते साधारण 38 मीटरवर. पहिल्या पोचलेल्या पोलिसाकडे मीटर नसतो, म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार उघड्या सोर्सभोवती आधी 30 मीटरचं वर्तुळ आखतात. आग किंवा धूर असेल तर 300 मीटर, स्फोटकात किरणोत्सारी पदार्थ असल्याचा संशय असेल तर किमान 400. नंतर मीटर आला की 100 मायक्रोसीव्हर्टच्या रेषेवर दोरी सरकवायची. लोकांना मागे घेताना दोरी बाहेर न्यावी लागणार हे आधीच धरून चालावं. आपल्याकडे एकदा बांधलेली दोरी आत सरकवणं सोपं, बाहेर नेणं महाकठीण. तोवर तिच्याभोवती दोनशे माणसं आणि एक चहावाला जमलेला असतो.

सोर्स उचलायचा तर दीड मीटरच्या चिमट्यानं. त्या अंतरावर दर ताशी 64 मिलिसीव्हर्ट, म्हणजे मिनिटाला एकाहून किंचित जास्त. म्हणून उचलण्याची तालीम आधी खोट्या पिगटेलवर घड्याळ लावून होते. चिमटा घसरतो कुठे, शिशाच्या भांड्याचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं, हातमोज्यात पकड किती सुटते, हे तिथेच कळायला हवं. इरिडियमचे किरण निम्मे करायला सुमारे पाच मिलिमीटर शिसं पुरतं, कोबाल्टला बारा लागतं. एका सोर्ससाठी आणलेलं भांडं दुसऱ्याला चालेल असं गृहीत धरू नये.

मीटरबद्दल एक गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला शिकवावी लागते आणि ती कुणालाच आधी पटत नाही. शून्य दाखवणारा मीटर सर्वात संशयास्पद. काही गायगर मीटर फार तीव्र क्षेत्रात गेले की आतली मोजणारी ट्यूब भांबावते आणि काटा खाली येतो, कधी थेट शून्यावर. म्हणून मीटर दूरवरच, स्वच्छ जागेत चालू करायचा, तिथला नेहमीचा दर टिपायचा (ताशी 0.1 मायक्रोसीव्हर्टच्या आसपास), आणि काटा चढता ठेवतच पुढे जायचं. चढत चढत मध्येच पडला तर उलट पावली मागे. लांब दांड्याचा मीटर, टेलिटेक्टर, असेल तर दांडा पुढे, माणूस मागे. बाकी बिघाड साधे असतात. गळलेली बॅटरी, उलटलेली कॅलिब्रेशनची तारीख, फाटलेली प्रोबची (मीटरच्या मोजणाऱ्या टोकाची) पातळ खिडकी. आणि प्रोब मळलेल्या कपड्याला टेकवल्यामुळे तोच मळलेला, मग पुढचा प्रत्येक माणूस 'दूषित' निघतो.

एककांचा घोळ वेगळाच. जुन्या मीटरवर मिलिरॉन्टजेन, नव्यावर मायक्रोसीव्हर्ट, आणि ओरडून सांगणारा म्हणतो, "पाच!" पाच मिलिरॉन्टजेन म्हणजे ढोबळमानानं पन्नास मायक्रोसीव्हर्ट. पाच मायक्रो आणि पाच मिलि यांत हजारपटींचा फरक. म्हणून नोंद एका साच्यात बोलायची: वेळ, जागा, जमिनीपासून उंची, आकडा, एकक, मीटरचा क्रमांक. एकक नसलेला आकडा लिहून घ्यायचा नाही, सांगणारा कितीही वरिष्ठ असो.

लोकांच्या बाबतीत घोटाळा होतो तो 'किरण लागणं' आणि 'धूळ लागणं' यांत. उन्हात उभा राहिलेला माणूस सावलीत येताना ऊन बरोबर आणत नाही. रंगपंचमी खेळून आलेला मात्र बसेल त्या खुर्चीला रंग लावतो. सीलबंद सोर्सजवळ उभा राहिलेला पहिल्या प्रकारातला, फुटलेल्या सोर्सची धूळ अंगावर घेतलेला दुसऱ्या. पहिल्याला आंघोळ घालून काही उपयोग नाही. दुसऱ्याचे बाहेरचे कपडे काढले की बरीचशी धूळ गेली. कपडे डोक्यावरून ओढून काढायचे नाहीत, कापायचे किंवा आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळायचे. कोमट पाणी, साधा साबण, घासाघाशी नाही, कारण खरचटलेल्या त्वचेतून पदार्थ आत जातो. गंभीर जखमी असेल तर यातलं काहीही आधी नाही. चादरीत गुंडाळून सरळ रुग्णालयात. असा रुग्ण न्यायला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर नाही म्हणतो. सरावात त्यालाच मीटर हातात देऊन रुग्णाभोवती फिरायला लावलं, की पुढच्या खेपेला तो येतो.

तपासणीच्या रांगांचा हिशेब आधी करावा लागतो. प्रोब त्वचेपासून दहा सेंटिमीटरवर धरून, नेहमीच्या दरापेक्षा ताशी एक मायक्रोसीव्हर्ट जास्त आला तर माणूस बाजूला घ्यायचा. डोक्यापासून तळव्यांपर्यंत एका माणसाला तीन मिनिटं धरा, म्हणजे एका प्रोबवर तासाला वीस. दहा प्रोब असले तरी दहा हजार माणसांना पन्नास तास. ब्राझीलच्या गोयानियात 1987 मध्ये भंगारात गेलेल्या सीझियम-137 च्या सोर्समुळे एक लाख बारा हजारांवर लोक स्टेडियममध्ये तपासले गेले आणि दूषित निघाले 249. चौघांचा मृत्यू झाला. म्हणजे पथकाचा बहुतेक वेळ ज्यांना काहीही झालेलं नाही त्यांनाच 'काही झालेलं नाही' हे नीट सांगण्यात जाणार. त्यासाठी तपासून झाल्याची चिठ्ठी द्यावी लागते, नाव आणि वेळेसकट. नाहीतर तोच माणूस संध्याकाळी पुन्हा रांगेत उभा असतो.

रुग्णालयात दोन गोष्टी बघायच्या. उलटी किती वाजता झाली ते मिनिटासकट लिहा; पहिल्या दोन तासांत झाली असेल तर डोस मोठा असण्याची शक्यता आहे. आणि रक्ताच्या नळ्या. पेशींच्या मोजणीला ईडीटीएची, गुणसूत्रांवरून डोस काढायच्या तपासणीला हेपरिनची (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं). दुसरी नळी रुग्णालयाच्या कपाटात बहुधा नसते, किंवा मुदत संपलेली असते. पथकाच्या पेटीत ठेवलेली बरी.

तारापूरचं स्वरूप वेगळं, कारण तिथे सूत्रं पथकाच्या हातात नसतात. आवाराबाहेरच्या आणीबाणीचे निर्णय पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांचे. केंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंतच्या परिसराचं नियोजन असतं, पण सगळा परिसर एकदम हलवायचा नसतो. वारा ज्या दिशेला वाहतोय त्या फाकेतली गावं आधी. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा वारा रात्री उलटू शकतो, म्हणून दुपारी आखलेली गावांची यादी रात्री दहाला तशीच वापरायची नाही. सराव नेहमी सकाळी अकराला, कोरड्या दिवशी होतात, तेव्हा होड्या बंदरात कधी येतात हा प्रश्नच पडत नाही. दारं-खिडक्या लावून घरात थांबा हा निरोप सोपा वाटतो. कुडाच्या घराला आणि समुद्रावर असलेल्या माणसाला तो लागूच होत नाही. त्यासाठी सरपंच, पोलीस पाटील आणि मच्छीमार सोसायटीचा माणूस यादीत हवा.

आणि हो, गोळ्या. घरी ठेवून फायदा नाही. पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. कोबाल्ट, सीझियम, इरिडियम यांच्यापुढे ती निरुपयोगी. प्रौढाला 130 मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मी, हवेत आयोडीन येण्याच्या थोडं आधी किंवा पहिल्या दोन तासांत. चाळिशीनंतर फायदा अगदीच कमी. सूचना आल्यावरच घ्यायची. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन पिऊ नये, हेही सांगून ठेवावं लागतं.

पथकातल्या माणसांचा डोस हा प्रमुखाचा स्वतःचा हिशेब. आणीबाणीच्या साध्या कामाला 50 मिलिसीव्हर्टची मर्यादा धरायची, जीव वाचवायला 500 पर्यंत जाता येतं, पण फक्त स्वेच्छेनं आणि धोका समजावून सांगून. गरोदर सहकारी अशा कामावर नाही. टीएलडी बॅज (अंगावर लावायचा, लागलेला डोस नोंदवणारा बिल्ला) नंतर प्रयोगशाळेत वाचला जातो, त्यावर त्या क्षणी काहीच दिसत नाही. म्हणून जोडीला लगेच वाचता येणारा डोसिमीटर हवा, आणि दारात घड्याळ घेऊन बसलेला एक माणूस, ज्याला 'आता बाहेर ये' म्हणायचा अधिकार आहे.

परतताना शेवटी तपासायचे ते मीटर. प्रोबवरचं प्लास्टिक काढून पिशवीत, हातमोजे त्याच पिशवीत, वर चिठ्ठी: तारीख, जागा, काय आहे, पृष्ठभागावर किती दर. बहुतेक सराव इथे संपतो, फोटो निघतात, चहा होतो. पिशव्या गाडीत राहतात. त्या कुणाच्या गाडीतून कुठे जाणार, ही ओळ आराखड्यात आहे का ते तेवढं बघून घ्या.