केझारवरची सकाळ

रविवार, रात्री साडेनऊ

आज सॅन फ्रान्सिस्कोतल्या केझार मैदानावर चालायला गेलो होतो. नेहमीसारखं धुकं. समोरची बाजू दिसत नव्हती, आणि मैदानाच्या मधोमध सीगल पक्षी गवतात चोची मारत निवांत फिरत होते. दुसऱ्या फेरीला जरा उघडलं तेव्हा टेकडीवरच्या सेंट इग्नेशियस चर्चचे दोन मनोरे दिसले. त्या चर्चला लागूनच युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. ते मनोरे दिसले की मला १९५१ चा तिथला अमेरिकन फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ) संघ आठवतो. आज तो दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

जुनं केझार १९८९ साली पाडलं. आताचं मैदान बरंच लहान आहे, पण जागा तीच. इथे त्या कॉलेजचा संघ खेळायचा. दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती. संघातला जिनो मार्केटी अठराव्या वर्षी सैन्यात भरती होऊन बल्जच्या लढाईत लढून आलेला. त्याचे आईवडील इटलीहून आलेले. बॉब सेंट क्लेअर म्हणजे नुसता डोंगर. आणि चेंडू घेऊन धावायला ऑली मॅट्सन. त्या एका हंगामात तो १,५६६ यार्ड धावला, देशात सगळ्यांत जास्त. बचावाच्या फळीत बर्ल टोलर. मॅट्सन आणि टोलर हे दोघं कृष्णवर्णीय. प्रशिक्षक जो कुहारिच. वर्तमानपत्रांकडे बातम्या पोचवायचं काम पीट रोझेल नावाच्या तरुणाकडे.

नऊ सामने, नऊ विजय. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ असं हरवलं, तेवढा एकच काय तो अटीतटीचा. शेवटचा लॉयोलाशी, पॅसाडिनाच्या रोझ बाउल मैदानावर, २०-२.

हंगाम असा गेला की नव्या वर्षाच्या मोठ्या 'बाउल' सामन्यांचं आमंत्रण येतं. मानही मिळतो आणि पैसाही. या कॉलेजला पैशाची फार गरज होती. फोर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ १९५० पासून एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये खेळू लागला होता, तोही याच केझारवर, त्यामुळे कॉलेजच्या सामन्यांना प्रेक्षक आटले होते. फुटबॉल तोट्यात चाललं होतं. दक्षिणेतल्या बाउलकडून विचारणा झाली ती अट घालूनच: या, पण त्या दोघा कृष्णवर्णीयांना घरी ठेवून या.

कुहारिचने ते संघापुढे ठेवलं. पोरांनी नाही म्हटलं. चर्चा, मतदान असलं काही नाही. दोघं येणार नसतील तर कोणीच नाही जायचं, विषय संपला. संघ घरी बसला आणि त्यानंतर कॉलेजने फुटबॉलच बंद केलं. त्या संघातले तिघं, मार्केटी, मॅट्सन आणि सेंट क्लेअर, पुढे व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेले. मॅट्सनने तर पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्यात दोन पदकं मिळवली.

हे सगळं मला पाठ आहे. तरी दर वेळी मी त्या 'नाही'पाशीच अडतो.

अकरावीत असताना आम्ही कबड्डीच्या सामन्यांना शेजारच्या गावी गेलो होतो. दुपारचं जेवण एका मोठ्या घरी. आम्हाला ओसरीवर पानं मांडली. आमचा सगळ्यांत चांगला चढाईपटू, त्याला मात्र ताट अंगणात, चिंचेखाली. कोणी काही बोललं नाही. घरच्या माणसांनी तर इतक्या साधेपणाने ते केलं की जणू त्यात वेगळं काहीच नव्हतं. पिठलं, भाकरी, वर तेलाची धार, ठेचा. मला कडकडून भूक लागली होती. मी जेवलो. दुसरी भाकरीसुद्धा मागून घेतली. जेवण झाल्यावर त्याने आपलं ताट स्वतः विसळलं आणि कुंपणाच्या दगडावर पालथं घातलं. पाण्याचे थेंब ताटाच्या कडेवरून दगडावर ओघळत होते, ते मला आजही दिसतात. दुपारी त्याने एका चढाईत तिघांना बाद केलं. आम्ही जिंकलो आणि त्यालाच खांद्यावर घेऊन नाचलो.

आम्ही सात जण होतो. ताटावरून उठायला काहीच लागलं नसतं. ना कॉलेज बंद पडणार होतं, ना कोणाचं पुढचं आयुष्य त्यावर अडलं होतं. एका वेळची भाकरी, बस. ती मुलंही आमच्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी असतील, आणि त्यांच्यासमोर तर आयुष्यात पुन्हा न येणारी संधी होती.

टोलरचा विचार मी जास्त करतो. आपल्यामुळे सगळ्यांचं गेलं, हे ओझं घेऊन त्या खोलीत बसणं सोपं नसणार. १९५२ च्या उन्हाळ्यात एका सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोतच शाळेचा मुख्याध्यापक झाला. आणि १९६५ साली एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच. तोवर एनएफएलचा कमिशनर, म्हणजे प्रमुख, कोण होता? तोच पीट रोझेल.

जानेवारी १९८० मध्ये सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, झाला तो पॅसाडिनाच्या त्याच रोझ बाउलवर, जिथे या पोरांनी आपला शेवटचा सामना जिंकला होता. त्या दिवशी मैदानात पंच म्हणून बर्ल टोलर उभा होता.

आमच्या त्या चढाईपटूचा नंबर मागच्या वर्षी गावच्या ग्रुपवर मिळाला. अजून फोन केलेला नाही. आत्ता तिकडे सकाळचे दहा वाजले असतील.