फळ्यांखालचं काळीज: ठोका सापडला!

एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’च्या आपल्या श्रुतिकेतला ठोका अखेर सापडला. गोष्ट अशी की निवेदक एका म्हाताऱ्याचा खून करून प्रेत फळ्यांखाली लपवतो, आणि पोलीस आले की त्याला काळजाचा ठोका ऐकू यायला लागतो. दिवाळीपासून शेवटचा प्रवेश या एका आवाजापायी अडून बसला होता. निवेदकाचं बोलणं, तिघा पोलिसांच्या गप्पा, फळ्यांवर खुर्ची ओढल्याचा आवाज, सगळं तयार होऊन पडलं होतं. ज्याच्या धास्तीने तो निवेदक स्वतःच ‘फळ्या उखडा’ म्हणून किंचाळतो, तेवढंच मिळत नव्हतं.

स्टेथोस्कोपची हकिगत मागच्या वेळी लिहिलीच आहे. नळीत कॉलर माइक खुपसून घेतलेला खऱ्या काळजाचा ठोका हेडफोनवर झकास वाजतो, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र गायब. काळजाचे आवाज बहुतेक २० ते १५० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात आणि तिथे मोबाइलचा एवढुसा स्पीकर जवळजवळ मुकाच. आपली ऐकणारी माणसं मोबाइल उशाशी ठेवून ऐकतात, हेडफोन लावून बसणारे थोडे. त्यात शेतीची लाइन रात्रीची. ती आली की चहूकडे मोटरा सुरू होतात आणि ५० हर्ट्‌झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरते. ती कापायला गेलं की ठोक्याचा गाभाही तिच्यासोबत जातो, कारण दोघांची जागा एकच. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची खरखर काढणारी सोय, एरवी मला फार उपयोगी पडतं, पण या कामात त्याला हातही लावू नका. हलकं आणि एकसारखं जे काही असेल ते कचरा, असं त्याचं गणित. आपला ठोका नेमका तसाच.

मग माडीवर प्रयोग केला. गावातल्या जुन्या वाड्याच्या माडीला अजून सागवानी फळ्या आहेत. स्पीकर फळीखाली, माइक फळीवर. आवाज आला खोल, घुमणारा, एकदम भारदस्त. वहिनीला ऐकवला तर ती म्हणाली, ‘‘भाऊजी, खाली भूत बसवलं काय?’’ तिने बरोबर ओळखलं. ती भुताची गोष्ट झाली होती, आणि पोच्या या गोष्टीत भूत नाही. खून झाल्यावर निवेदक म्हाताऱ्याच्या छातीवर बराच वेळ हात ठेवून खात्री करून घेतो, काळीज थांबलेलं असतं. मग पोलिसांसमोर वाजतं ते काय?

उत्तर गोष्टीतच आहे. कापसात गुंडाळलेलं घड्याळ करतं तसा दबका, बोथट, भरभर आवाज, असं पोने १८४३ साली लिहून ठेवलंय. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात कापूस शोधायला कुठे जावं लागत नाही. भाव चढेल या आशेने आमचा यंदाचा कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलाय. त्या खोलीत शब्द ओठाबाहेर पडला की विरतो, जरासुद्धा घुमत नाही. ऑनलाइन मागवलेला स्टुडिओचा फोम या कापसापुढे काहीच नाही, शिवाय तो चित्रात दाखवलेल्याच्या निम्मादेखील जाड निघाला नाही. त्यात पैसे घालू नका. कापसात फक्त पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसा, खाज फार सुटते.

घड्याळ बाबांचं, चावीचं एचएमटी जनता. आधी ते घरच्या कापसात, म्हणजे सरकीसकट, गुंडाळलं. टिकटिक दबली, पण सरकी पाठीला टेकली की बारीक खडखड येते. जिनिंगमधली रुई दाबून दाबून घट्ट झालेली, तिने आवाज पार गिळून टाकला. मग गादीवाल्याकडून पिंजलेली रुई आणली आणि तिथे काम झालं. टिकटिकीची वरची धार निघून जाते, खाली मऊ टप्‌-टप्‌ उरतं. रुई मूठभर जास्त झाली तर ठोका मरतो, कमी झाली तर परत घड्याळच ऐकू येतं. काच आत, पाठ माइककडे ठेवायची. पिझोची चकती, म्हणजे वस्तूचा कंप थेट टिपणारा चपटा माइक, पाठीला चिकटवूनही पाहिली, पण मग नुसता धातू बोलतो, रुईचा काही उपयोगच राहत नाही. आणि मुख्य म्हणजे हे टप्‌-टप्‌ मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं, कारण ते स्टेथोस्कोपच्या ठोक्याहून बऱ्याच वरच्या पट्ट्यात बसतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जनता घड्याळ तासाला १८,००० ठोके टाकतं, म्हणजे सेकंदाला ५, मिनिटाला ३००. काळजाच्या मानाने हा वेग भलताच वाटतो. पण काळजाच्या एका ठोक्यात आवाज दोन असतात, लब आणि डब. दोन टिका मिळून एक ठोका धरा, की होतात १५०. भेदरलेल्या माणसाचं काळीज! तेच रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने लावा, ७५ होतात, शांत बसलेल्याचे. पुढचं तर मला फारच आवडलं. शांत काळजात लब आणि डबमधलं अंतर कमी असतं, डबनंतरचा विसावा मोठा. वेग वाढत गेला की जास्त आटतो तो हा विसावा, आणि दोन्ही अंतरं सारखी होत जातात. म्हणजे खूप घाबरलेलं काळीज खरोखरच घड्याळासारखं चालायला लागतं. पोची उपमा शोभेची नाही, ती ध्वनिमुद्रणाची सूचना म्हणूनच वाचावी.

राहता राहिला प्रश्न हा आवाज ठेवायचा कुठे. तीच घड्याळाची उपमा गोष्टीत दोनदा येते. एकदा खुनाआधी, आठव्या रात्री, कंदिलाची बारीक तिरीप म्हाताऱ्याच्या डोळ्यावर पडलेली असताना. दुसऱ्यांदा पोलिसांसमोर. पहिल्या वेळी म्हातारा जिवंत आहे खरा, पण खोलीपलीकडून कोणाचं काळीज कोणाला ऐकू येतं? माझ्या मते दोन्ही वेळी वाजतं ते निवेदकाचंच. आपण किती हुशारीने खून केला हे तो मिटक्या मारत सांगतो, म्हाताऱ्यावर माझं प्रेम होतं असंही सांगतो, पण पश्चात्तापाचं एक अक्षर त्याच्या तोंडून निघत नाही. त्याचा सगळा अपराध त्याच्या कानात साठलाय. म्हणून ठोका फळ्यांखालून काढला आणि निवेदकाच्या आवाजाजवळ आणला. त्याच कापसाच्या खोलीत, माइकपासून तेवढ्याच अंतरावर. पोलिसांचं बोलणं मात्र माडीवरचंच ठेवलं, मोकळं, घुमणारं, आरामात चाललेलं. म्हातारा गावाला गेलाय, असं निवेदक त्यांना सांगतो तेव्हा ते माडीवर निवांत बसलेत आणि हा एकटाच कापसात कोंडलाय, हे आता नुसत्या कानाने कळतं. परवा रात्री हे जोडून ऐकलं आणि तो माणूस फळ्या उखडा म्हणून का ओरडतो, ते मला पहिल्यांदा पटलं.

म्हाताऱ्याचं काम दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, उभी हयात घालवलेल्या काकाजींनी केलं. त्यांना अख्ख्या श्रुतिकेत दोनच शब्द, अंधारात दचकून उठल्यावरचे. ‘‘कोन होय?’’ त्यांनी ते मोठ्याने म्हटले नाहीत, श्वास आत घेता घेता म्हटले, आणि पुढे बराच वेळ बसून राहिले. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता जशीच्या तशी ठेवलीय. काकाजी, अजून एकदा घेऊ, असं म्हटलं तर म्हणाले, ‘‘आता नाही रे बाप्पा. भेव एकदाच लागते.’’

ठरलं होतं असं की ऑडॅसिटीतच वेग ७५ वरून १५० पर्यंत चढवत न्यायचा. पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचतंय. राळेगावच्या बाजारात बसणाऱ्या घड्याळवाल्याकडे डबाभर जुनी चावीची घड्याळं आहेत, त्यातली काही लंगडत चालतात, एक टिक लवकर आणि दुसरी उशिरा. असं घड्याळ निम्म्या वेगाने लावलं तर लब-डब आणि मागचा विसावा आपोआप मिळेल! मग ठोका शेवटच्या प्रवेशापर्यंत राखून कशाला ठेवायचा? गोष्टीच्या सुरुवातीला निवेदक म्हणतो की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे सगळं सांगतो. त्या वाक्याखालीच लंगडं घड्याळ ठेवायचं, जेमतेम ऐकू येईल असं. आठव्या रात्री त्याची चाल सरळ व्हायला लागेल आणि पोलिसांसमोर बाबांचं जनता पूर्ण वेगाने. म्हणजे पहिला प्रवेश परत मिक्स करावा लागणार. करतो, येत्या बाजारालाच डबा उपसून बघतो.

यानंतर ‘द ब्लॅक कॅट’ घ्यायची आहे, तीही १८४३ चीच. तिथे मांजराचं ओरडणं पोलिसांनाही ऐकू येतं, त्यामुळे तो आवाज भिंतीमागेच हवा आणि माडीची घुमणारी रेकॉर्डिंगं तिथे उपयोगी पडतील. तोवर कोणाच्या घरी आजोबांचं साखळीचं घड्याळ चालू स्थितीत असेल तर पिंजलेल्या रुईत गुंडाळून दोनेक मिनिटं टिपून पाठवा. वेव्ह फाइलच पाठवा, नॉइज रिडक्शन न लावता.