कंपायलरला ठाऊक नसलेला पत्ता

मंगळवार, रात्री उशिरा

आज सी भाषेतलं कमांड-टेबल पूर्ण झालं. स्ट्रक्टचा स्टॅटिक कॉन्स्ट अ‍ॅरे, प्रत्येक ओळीत कमांडचं नाव आणि ती चालवणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. लांबलचक स्विचपेक्षा मला ही रचना कितीतरी आवडते. लिनक्स कर्नलमधले ड्रायव्हरसुद्धा आपली ओपन, रीड, राइट ही फंक्शनं अशीच एका स्ट्रक्टमध्ये भरून ठेवतात.

काम संपल्यावरही एक गोष्ट डोक्यातून जाईना. स्टॅटिक व्हेरिएबलचा इनिशियलायझर (सुरुवातीला भरायची किंमत) कॉन्स्टंट हवा, असा सी चा नियम. फंक्शनचं नाव तिथे बिनतक्रार चालतं. पण ते फंक्शन मेमरीत कुठे बसणार, हे कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, तेव्हा कुठे माहीत असतं? तो ऑब्जेक्ट फाइलमध्ये जागा राखतो आणि शेजारी रिलोकेशनची नोंद करतो: इथे अमुक सिम्बॉलचा पत्ता, अधिक इतके बाइट. पुढचं, अशा फाइली जोडून चालवण्याजोगी एक्झिक्युटेबल बनवणारा लिंकर बघतो. एक्झिक्युटेबल कुठल्याही पत्त्यावर लोड होण्याजोगी बांधलेली असेल, तर लिंकरचाही इलाज नसतो. शेवटचा आकडा प्रोग्राम मेमरीत चढवणारा लोडर भरतो, मेन (प्रोग्रामचं मुख्य फंक्शन) सुरू व्हायच्या आधी.

हे लक्षात घेतलं की नियमाची आखणी फार सुंदर वाटते. अ‍ॅरेच्या पत्त्यात 8 मिळवा, चालतं. तोच पत्ता इंटिजर करून त्याचा एखाद्या किल्लीशी एक्सॉर (बिट-बिट करून चालणारी क्रिया) करा, कंपायलर अडवतो. कारण रिलोकेशनच्या नोंदीत बेरीज मावते, एक्सॉर मावत नाही. सी++ इथे वेगळ्या वाटेने जातं: मेनच्या आधी कोड चालवून किंमत भरतं. सोय खरी, पण दोन फाइलींतल्या ग्लोबलांपैकी आधी कोण भरला जाईल याची हमी नाही. म्हणून सी++20 मध्ये कॉन्स्टइनिट आलं (किंमत मेनच्या आधी कोड न चालवता भरता येत नसेल, तर कंपायलर अडवतो), ते मला मनापासून पटतं.

मग रीडएल्फ या फाइल तपासायच्या साधनाने रिलोकेशन पाहिली. माझं टेबल कॉन्स्ट असूनही रोडेटा या कायम रीड-ओन्ली विभागात नव्हतं, डेटा-रेल-आरओ या विभागात होतं. लोडरला आधी तिथे लिहावं लागतं, त्यानंतरच ती पानं रीड-ओन्ली होतात. आणि दर ओळीला नोंदी दोन! एक फंक्शनची, दुसरी नावाची, कारण स्ट्रिंगचा पॉइंटर हाही शेवटी पत्ताच. नाव स्ट्रक्टच्या आतच कॅरॅक्टर अ‍ॅरे म्हणून ठेवलं तर निम्म्या नोंदी जातील, थोडी जागा वाया जाईल. उद्या ते करून बघते.