कांपालच्या मैदानावरचा जॅम, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

डिसेंबरात पणजीला मांडवीकाठच्या कांपाल मैदानावर एका महोत्सवात जॅम बँड ऐकला. सोबत डिचोलीचे आमचे नानाकाका होते. भजनाच्या तबल्यावर त्यांचा हात अनेक वर्षे बसलेला आहे, त्यामुळे हे संगीत मला जरा वेगळ्या बाजूने ऐकता आले.

जॅम बँड गाणे बसवूनच आणतो. पण ते किती वेळ चालणार, मध्ये कुठे भटकणार आणि परत कधी येणार, हे सारे मंचावरच ठरते. 1965 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडने ही रीत रुजवली. रोज गाण्यांची यादी वेगळी, एक गाणे न थांबता दुसऱ्यात शिरणारे. त्यांच्या दोन ड्रमवादकांपैकी मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँकडून तालाचे धडे घेतले होते. पुढे झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी एकत्र काम केले, आणि त्यांच्या 1991 च्या अल्बमला जागतिक संगीतासाठीचा पहिलावहिला ग्रॅमी मिळाला. म्हणजे आपला ताल या घरात फार आधीपासून ये-जा करतो आहे.

कांपालला पाच जण होते: गिटार, ऑर्गन, बेस आणि दोन ड्रम. शिवाय फोंड्याकडचे एक घुमटवादक पाहुणे म्हणून आले होते. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडे लावलेले गोव्याचे तालवाद्य. पहिली तीन गाणी नीटनेटकी झाली. चांगली, पण त्यासाठी प्रवास करावा अशी नव्हती. चौथ्या गाण्याची दोन कडवी झाली आणि गायक माइकपासून मागे सरकला. बेसवाल्याने एकच सूर धरून ठेवला. ड्रमची चार मात्रांची चाल सुटत सुटत सातावर आली. नाना लगेच म्हणाले, ‘रूपक धरलाय बघ.’ म्हणजे सात मात्रांचा ताल. गिटारवाला मात्र अजून चारातच होता. दोन्ही चाली एकमेकींना घासत राहिल्या, आणि अधूनमधून पहिली मात्रा एकदम जुळली की सगळ्यांच्याच माना हलत.

मग एक टप्पा असा आला की कोणालाच पुढची वाट दिसत नव्हती. ऑर्गन जवळजवळ गप्प, गिटारवर नुसते तुटक आवाज. मैदानावरचे बरेच लोक याच वेळी खाण्याच्या गाड्यांकडे वळले. माझे सांगणे एवढेच आहे: त्या वेळी जागा सोडू नका. मंचावरचे सहाही जण तेव्हा खरोखर एकमेकांचे ऐकत होते. घुमटवाल्यांनी सुवारीतला, म्हणजे घुमटाच्या पारंपरिक सामूहिक वादनातला, एक तुकडा हलकेच टाकला. तो ड्रमवाल्यांनी उचलला नाही. त्यांनी पुन्हा टाकला, तेव्हा ऑर्गनवाल्याने त्याच्या वजनावर तीन सूर बसवले. तिथून सगळे असे वर चढत गेले की मी टाळ्या वाजवायला लागले. नानांनी माझा हात धरला. ‘अगं, टाळ्या कसल्या वाजवतेस, मात्रा मोज. ते परत येतायत.’ आणि आलेच. सातातून चारात, थेट गाण्याच्या धृपदावर. अर्धा तास सहज झाला असेल.

नानांना एक गोष्ट खटकली, आणि ती मला पटते. रागात स्वर ठरलेले असतात, त्यांची चाल ठरलेली असते, म्हणून भटकणाऱ्यालाही घर माहीत असते. इथे कोणीही सूरच बदलू शकतो, त्यामुळे काही वेळ नुसता पसारा होतो. पण इथे एक मुख्य कलाकार आणि बाकीचे साथीदार अशी मांडणी नसते, पाहुण्याच्या एका तुकड्यावर सगळा डाव फिरू शकतो. ही मोकळीक मला फार मोलाची वाटली.

आता जाणाऱ्यांसाठी. मंचाला चिकटून उभे राहू नका. तिथे खालच्या स्पीकरचा घुमारा इतका असतो की बेस आणि घुमट वेगळे कळत नाहीत. साउंड डेस्कच्या थोडे मागे थांबा. आवाजाचा मेळ तिथे बसूनच लावलेला असतो. फार मागेही नको. शंभर मीटरवर आवाज सुमारे 0.3 सेकंद उशिरा पोचतो आणि ड्रमवरचा हात व थाप जुळत नाहीत. कानात घालायला फोमचे बोळे घ्या, मुलांना तर हवेतच. नदीकाठी रात्री दव पडते. शाल, डास पळवायचे मलम आणि खाली अंथरायला चादर लागतेच.

उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री 10 नंतर बंद करावे लागतात. सवलत असेल तरच वेळ वाढते. म्हणून कार्यक्रम संध्याकाळी लवकर सुरू होतात आणि उशिरा पोचणाऱ्याचा मधला भाग हुकतो. मुंबईहून मांडवी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेसने आलात तर करमळीला उतरा, पणजीला तेच जवळ. पर्वरीकडून येणाऱ्यांनी गाडी बेतीला ठेवून फेरीबोटीने पणजीत यावे आणि बांदोडकर मार्गाने चालत कांपाल गाठावे. कॅसिनोंच्या गर्दीत गाडी घालण्यात अर्थ नाही. परतीला कदंबची बस मिळेल असे धरून चालू नका; टॅक्सी आधीच सांगून ठेवा किंवा गोवामाइल्स या टॅक्सी अ‍ॅपवर बघा. भाड्याची दुचाकी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. डिसेंबरात पणजीत खोल्या महागतात, म्हापसा किंवा फोंडा परवडते. पोटासाठी गाड्यावरचे रस-ऑम्लेट आणि पाव, पण कार्यक्रमाआधी.

रेकॉर्डिंग करायचे तर आधी आयोजकांना विचारा. ग्रेटफुल डेड श्रोत्यांना रेकॉर्ड करू देत आणि त्या कॅसेट पैसे न घेता हातोहात फिरत. पण प्रत्येक बँडची तशी तयारी नसते. परवानगी मिळाली तर नुसता आवाज घ्या. फोन डोक्यावर धरलात की मागच्याला मंच दिसत नाही.

आणि घुमट आधी ऐकून जा. गोवा सरकारने 2019 मध्ये ते वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत, वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचे लावतात. चतुर्थीत डिचोली, सत्तरी किंवा फोंड्याकडे कोणाची ओळख असेल तर आरतीला जाऊन बसा. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कांसाळे (झांजा) यांची सुवारी एकदा कानात बसली की मंचावर तो तुकडा पडताच तुम्हाला ओळखता येईल.