तुम्ही विचारलंत म्हणून : रिपोर्टात स्फुरद ‘भरपूर’, मग डीएपी टाकायचा की नाही?

‘रिपोर्टात स्फुरद भरपूर लिहिलंय, मग कडधान्याला डीएपी टाकायचा का नाही, एवढंच सांगा.’ रिपोर्ट म्हणजे माती परीक्षणाचा, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि डीएपी म्हणजे ते देणारे खत. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, कराड-पाटण एसटीत विचारला गेला आहे, आणि एकदा तर दहाव्याला नदीच्या घाटावर, कावळा शिवण्याची वाट पाहत असताना विचारला गेला आहे. मी ‘पीक कोणते आणि जमीन कोणती?’ असे उलट विचारले, की समोरच्याचा चेहरा उतरतो. बाईंना सरळ उत्तर देता येत नाही, हे माझ्यामागे बोलले जाते, हे मला ठाऊक आहे. एके काळी मी सरळ उत्तर देत असे. ते देणे का सोडले, ते एकदा लिहून टाकते.

माती परीक्षणाच्या टेबलावर मला 19 वर्षे झाली. आम्ही अडीच ग्रॅम मातीवर सोडियम बायकार्बोनेटचे 50 मिली द्रावण ओततो, त्याचा सामू (म्हणजे पीएच; सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) 8.5 असतो, अर्धा तास हलवतो, गाळतो, आणि मग जो निळा रंग येतो त्याच्या गडदपणावरून आकडा काढतो. हेक्टरी 14 ते 21 किलो म्हणजे मध्यम, 35 च्या वर म्हणजे अत्यंत जास्त. ओल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत 1954 मध्ये मांडली ती मुख्यतः चुनखडीयुक्त जमिनींसाठी, त्यामुळे कृष्णाकाठच्या काळ्या रानांना ती चांगली लागू पडते. परंतु हा आकडा म्हणजे जमिनीतले सगळे स्फुरद नव्हे. ते याच्या कितीतरी पट असते. काळ्या जमिनीत त्याचा मोठा भाग कॅल्शियमने धरलेला असतो, पश्चिमेकडच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमने. शिवाय स्फुरद मातीत जागचे जवळजवळ हलतच नाही. मुळापासून दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे असलेला कण त्या मुळापुरता परगावीच असतो, मुळावर वाढणाऱ्या बुरशीने तो आणून दिला तर गोष्ट वेगळी. म्हणून रिपोर्टावर ‘भरपूर’ लिहिलेले असणे आणि ते पिकाच्या तोंडात पडणे यांच्यामध्ये त्या पिकाचे मूळ काय करू शकते, हा सगळा प्रश्न उभा असतो.

हे सगळे मला तेव्हाही पाठ होते. तरीही मी चुकले, आणि चुकले ते हरभऱ्यामुळे.

माहेरचे रान काळे आहे, सामू 8.2 च्या आसपास. सोयाबीन काढल्यावर वडिलांनी हरभरा केला तेव्हा मी त्यांना अर्ध्या रानात डीएपी टाकू दिला आणि अर्ध्यात टाकू दिला नाही. काढणीला दोन्हीकडे डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. याचे स्पष्टीकरणही हाताशी होते : हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्ल सोडतात, ते कॅल्शियमला धरते आणि अडकलेले स्फुरद मोकळे होते, त्यातच मुळांवरच्या गाठींमधून हवेतले नत्र (नायट्रोजन) घेणारे पीक मुळांभोवतीची माती आपोआप थोडी आंबट करते. मी हे रंगवून सांगत असे. हरभऱ्याच्या रानातून पहाटे चालले की पायाला लागते ती आंब, तीच मुळाशीही पाझरते, असे म्हटले की शेतकरी माना डोलावत. ते खोटे होते. पानांवरच्या आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते, मुळाचा पाझर निराळा. पण गोष्ट ऐकायला छान होती, आणि त्या गोष्टीतूनच माझे ते वाक्य तयार झाले : ‘कडधान्य आपलं स्फुरद आपण सोडवून घेतं.’

हे वाक्य मी मामांना सांगितले. मामांचे रान पाटण तालुक्यात, पठाराच्या उतारावर, तांबडे. दोन एकर घेवडा करायचे. एरवी एकरी एक पोते डीएपी पाभरीने बियाण्याबरोबर पेरायचे. त्या वर्षी त्यांनी माती दिली, मी ती नेहमीच्याच बाटलीतून, म्हणजे ओल्सेनच्या द्रावणाने काढली, आकडा मध्यमच्या वरच्या टोकाला आला, आणि मी फोनवर म्हणाले की या वर्षी डीएपी राहू द्या. त्या मातीचा सामू 5.4 होता. तो आकडा मीच माझ्या हाताने रिपोर्टावर लिहिला होता, आणि तो लिहिताना माझ्या मनात काहीही आले नाही. आंबट मातीसाठी ब्रे यांची पद्धत अधिक योग्य समजली जाते. तिचे अमोनियम फ्लोराइडचे द्रावण आमच्याकडे तेव्हा होत नसे. हे मी बचाव म्हणून सांगत आहे. पण द्रावण नव्हते तर निदान गप्प बसायला मला कोणी मनाई केली नव्हती.

श्रावणात राखीला गेले. मामी मला चहाच्या आधी रानात घेऊन गेली. घेवडा वीतभर उंचीवर थांबला होता. पाने लहान, आणि रंग काळपट हिरवा, उदास. मी दोन रोपे उपटली. मुळांवर गाठी मोजक्या, मोहरीएवढ्या. नखाने फोडल्या तर आत हवा तसा गुलाबी रंग नाही, पांढुरका. मामी म्हणाली, ‘आगं, तूच म्हणालीस न्हवं, कडधान्याला लागत न्हाई म्हणून?’ त्यात टोमणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी पावसाबद्दल काहीतरी बोलले. मग नजर बांधाकडे गेली. बांधावर मामांनी तुरीचे चार-पाच दाणे दर वर्षीप्रमाणे टोबले होते, त्यांना कधीच कुणी खत घातले नव्हते, आणि ती तूर कमरेला लागत होती. दोघेही कडधान्यच. एकाच पावसात, एकाच तांबड्या मातीत.

आठ-नऊ पोती व्हायची तिथे त्या वर्षी अडीच झाली. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीला येताना ते घेवड्याची पिशवी आणत, ती त्या वर्षी आणली नाही, एवढेच.

तुरीचे कोडे नंतर वाचनात सुटले. पाटणचे नव्हे, हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे उत्तर : तिथल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत नोरियुकी आए आणि सहकाऱ्यांनी केलेले काम 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. लाल जमिनीत स्फुरद न देता ज्वारीसारखी पिके टिकेनात तिथे तूर तगत होती, आणि काळ्या जमिनीत मात्र तुरीला ती आघाडी राहत नव्हती. त्यांना आढळले ते असे, की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरते आणि ते लोहाला धरते. म्हणजे हरभऱ्याची ताकद चुनखडीत आणि तुरीची लोहाच्या मातीत. भुईमुगाचे आणखीनच वेगळे. त्याच्या मुळांच्या पेशीभित्तिकाच लोहाचे स्फुरद सोडवतात, असे त्याच मंडळींचे म्हणणे होते. घेवड्याकडे यातले काही फारसे नाही. तो वरच्या थरात मुळे पसरून जे हाती लागेल ते गोळा करतो, आणि नत्राच्या बाबतीतही कडधान्यांमधला आळशी म्हणून तो प्रसिद्ध आहे. मी ‘कडधान्य’ या एका शब्दावर विसंबून हरभऱ्याचा गुण घेवड्याच्या पदरात टाकला होता.

इतके लिहिल्यावर असे वाटेल की कारण सापडले. मला तसे म्हणता येत नाही. डीएपीच्या 50 किलोंच्या पोत्यात 23 किलो स्फुरद असते तसे 9 किलो नत्रही असते, आणि मी पोते बंद केले तेव्हा दोन्ही बंद झाले. नत्र कमी पडले असते तर पाने फिकी पडली असती, ती गडद होती, असे मी स्वतःला समजावते. पण सामू 5.4 वर ॲल्युमिनियमही मुळांना छळू लागते, आणि मूळच खुंटले तर स्फुरद पोत्याने टाकूनही उपयोग मर्यादितच. मामांच्या त्याच रानात जुन्या उकिरड्याच्या कोपऱ्यात मात्र घेवडा मांडीइतका वाढला होता. उकिरड्याने तिथे स्फुरद दिले, की नत्र दिले, की मातीचा आंबटपणा कमी केला? मी वडिलांच्या रानात अर्धे-अर्धे करून पाहिले होते. मामांच्या रानात चार ओळीही डीएपीच्या ठेवायला सांगितल्या नाहीत, कारण मला खात्री होती.

याचा अर्थ ‘टाका बिनधास्त’ असा काढणाऱ्यांवर मी अजून चिडते. उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे डीएपी ओतलेल्या रानांचे नमुने माझ्याकडे येतात. तिथे निळा रंग इतका गडद येतो की द्रावण पातळ करून पुन्हा वाचावे लागते, आणि त्याच रानातले सोयाबीन जस्ताच्या कमतरतेने पिवळे पडलेले असते, कारण स्फुरदाचा अतिरेक जस्ताच्या आड येतो. तिथे मी आजही ‘नको’ म्हणते, तेही पीक आणि सामू विचारून. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे पाकीट घेतले की झाले, असे म्हणणाऱ्यांनाही मी तेच दोन प्रश्न विचारते.

गेल्या जूनमध्ये मामांनी पुन्हा माती पाठवली. पिशवीत वहीच्या कागदाची चिठ्ठी होती : ‘घेवडा. तांबडी. उकिरड्यापासून लांबची.’ आता ब्रेचे द्रावण आमच्याकडे होते. मी नमुना दोन्ही पद्धतींनी काढला. ओल्सेन मध्यम म्हणते, ब्रे कमी म्हणते. फोन करून त्यांना दोन्ही आकडे सांगितले. ते म्हणाले, ‘बरं, मग टाकू का नको?’